जागेवरची पाटी

आमच्या कॉलेजच्या दारातून आत शिरलं की समोरच भिंतीवर भला मोठा टीव्ही दिसतो. आधी तिथे काचेचा सूचनाफलक होता, कुलूपवाला, आणि त्याची किल्ली कायम हरवलेली असायची. तो काढून टीव्ही लावला तेव्हापासून मी कॉलेजात शांत डोक्याने शिरले असेन असा एक दिवस मला आठवत नाही. स्कूटर लावायची, हेल्मेट हातात घ्यायचं आणि पहिल्यांदा मान वर करून बघायचं की आज आपण कितव्या नंबरवर. मग दिवस त्याप्रमाणे जायचा.

ही कल्पना आमच्या संस्थाचालकांच्या मुलाची. त्यांचं जासईला कंटेनरचं यार्ड आहे. तिथल्या क्रेनवाल्यांना आणि ड्रायव्हरांना त्याने एक अ‍ॅप लावलं. वेळेवर आलात की पॉइंट, डबा नीट उचलून नीट ठेवलात की पॉइंट, महिन्याच्या शेवटी पहिल्या नंबरला टाळ्या आणि केक. तिथे म्हणे फार झकास चाललं. मग त्याला वाटलं, जे यार्डात चालतं ते कॉलेजात का नाही? त्याने आमची मीटिंग घेतली. पोरगं वाईट नाही हो, नम्र आहे, सगळ्यांना सर-मॅडम म्हणतं. म्हणाला, शिक्षक मरगळलेत, विद्यार्थी मरगळलेत, आपण शिक्षणाचा खेळ करू या. खेळात माणूस स्वतःहून धावतो. माझ्या शेजारी अकाउंटचे सर बसले होते, रिटायर व्हायला आलेले. ते माझ्या कानात म्हणाले, "या वयात मला कुठे धावायला लावतोय हा?" तेव्हा आम्ही दोघं हसलो. पुढे तेच सर डबा खायचा सोडून टीव्हीसमोर उभे राहायला लागले, ते सोडा.

खेळ असा होता. तासाला मी भिंतीवर एक चौकोनी कोड दाखवायचा, पोरांनी फोनने तो स्कॅन करायचा की हजेरी लागली. तास संपताना फोनवर चार-पाच प्रश्न, बरोबर उत्तरांचे पॉइंट वेगळे. रोज न चुकता आलात तर नावापुढे एक छोटी ज्योत पेटते आणि रोज मोठी होत जाते. एक दिवस दांडी मारली की फुस्स, पुन्हा पहिल्यापासून. आम्हा शिक्षकांनाही ज्योत. आमचा फोन गेटच्या आत आला की हजेरी आपोआप लागणार. वर्ग जितका भरलेला तितके आमचे पॉइंट. तांबं, चांदी, सोनं, हिरा अशा पायऱ्या. पहिल्या नंबरच्या शिक्षकाची गाडी महिनाभर शेडखाली. हसू नका. नेरुळच्या भर दुपारी तापलेल्या सीटवर ज्याने बूड टेकवलंय त्याने तरी हसू नये.

पण शेडची सावली म्हणजे नुसती वरची मलई. आतलं वेगळंच होतं. पोरांना सांगण्यात आलं की हॉल तिकीट अ‍ॅपमधल्या हजेरीवर मिळेल. कमी भरली तर परीक्षा नाही, डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही, रडारड नाही. आणि आम्हाला सांगण्यात आलं की जे शिक्षक शेवटच्या नंबरांवर राहतील त्यांच्या कराराचा 'पुनर्विचार' होईल. मी इतकी वर्षं इकॉनॉमिक्स शिकवतेय आणि अजून दरवर्षी करार. दर जूनला तीच धास्ती. आता ती धास्ती रोज सकाळी टीव्हीवर दिसायला लागली.

खोटं का बोलू, सुरुवातीला वर्ग भरले. ज्यांची तोंडं मी फक्त परीक्षेत बघितली होती ती पोरं पहिल्या बाकावर. मला बरं वाटलं. पण सगळ्यांची मान खाली, फोनमध्ये. मी मागणी-पुरवठ्याचा आलेख काढायचे आणि पाठीमागून टुंग टुंग आवाज यायचे. माझी चिडचिड वाढली. नावड्याला घरी गेले तरी फोन वाजायचा, 'तुमचा वर्ग आज चार टक्क्यांनी घसरला.' भाजी ढवळताना मी तो बघायचे, कपडे वाळत घालताना बघायचे. नवरा म्हणाला, "तू शिकवतेस की शेअर बाजार करतेस?" मी त्याच्यावर खेकसले.

त्यातच तृतीय वर्षातल्या एका मुलीने सगळ्यांना मागे टाकलं. ही मूळची सारसोळ्याची, कोळ्यांची. वडील खाडीत होडी घेऊन जातात, आई बाजारात मासळी विकते. मागच्या बाकावर बसायची आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातले वळून बघायचे. पहिल्याच वर्षी मी शिकवत होते की मागणी वाढली की भाव वाढतो, तर ही उभी. "मॅडम, दुपार झाली का आमचा भाव उतरतो, गिऱ्हाईक कितीबी असू दे. मासळी थांबत नाय." मी म्हटलं, बाई, पेपरात पुस्तकातलं लिही. तर म्हणते, "लिहीन की. पन वर्गात बोलू द्या." मला ती आवडायची. तिच्यावर मी ओरडायचेही सगळ्यात जास्त. हे तिचं शेवटचं वर्ष होतं आणि तिच्या घरात ग्रॅज्युएट होणारी ती पहिलीच.

तर टीव्हीवर तिचं नाव सगळ्यात वर. ज्योत एवढी मोठी की आडनाव झाकलं जायचं. हिरा. प्राचार्य सरांनी जाहीर केलं की पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याचा शनिवारी सत्कार, संस्थाचालक येणार, अ‍ॅपवाले येऊन व्हिडिओ काढणार. तिच्या हजेरीने माझाही वर्ग वर गेला होता, मी तांब्यातून चांदीत आले होते. मी खूश होते. तासाला गेले आणि म्हटलं, "आमचा हिरा कुठाय? उठ गं, जरा सगळ्यांना दिसू दे."

कोणी उठलं नाही.

मी मागच्या बाकाकडे बघितलं. तिथे तिची मैत्रीण बसली होती, तीही सारसोळ्याचीच, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. भिंतीवर मात्र मी दाखवलेल्या कोडखाली आकडा झळकत होता, वर्ग शंभर टक्के हजर. मी मनात मागे मागे जायला लागले. तिने शेवटचं माझ्याशी भांडण कधी केलं? आठवेना. कित्येक आठवडे ती वर्गात नव्हती आणि मी रोज भिंतीवरचे टक्के बघून खूश होत होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर, ते तेव्हा कळत नव्हतं.

तास संपल्यावर मैत्रिणीला थांबवलं. ती लपवाछपवीच्या भानगडीत पडलीच नाही. बॅगेतून दोन फोन काढून माझ्यासमोर बाकावर ठेवले. एक तिचा, एक हिऱ्याचा. रोज सकाळी हिऱ्याच्या घरून तिचा फोन घ्यायचा, तासाला दोन्ही फोनवर कोड स्कॅन करायचा, दुपारी परत नेऊन द्यायचा.

"आणि प्रश्नांची उत्तरं?"

"मीच देते. पहिली तिच्या फोनवर, नीट बघून. मंग माज्या. वेळ कमी पडतो, मनून माजी चुकतात." हे बोलताना ती जराही बिचकली नाही. "तिचं वर्ष जायला नको ना मॅडम."

मी म्हटलं, ही फसवणूक आहे, कळतंय का तुला? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलत होते. मग समजावून सांगायला लागली. त्यांच्याकडे बाजारात एखादी बाई आली नाही, आजारी असली, बाळंत असली, तर तिची पाटी तिच्या जागेवर ठेवतात. पाटी म्हणजे मासळीची टोपली. पाटी दिसली की ती जागा कोणी घेत नाही. आजूबाजूच्या बाया आपल्याबरोबर तिचाही माल विकतात. "ती आलीच असं धरतात मॅडम. आमी पन तेच केलं."

"अगं, ती पाटी आहे. हा फोन आहे."

"तुमी पन फोनच बघता ना," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. ती दिवसभर कुठे असते, एवढं मी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी बाजारात गेले. माशांच्या ओट्यांची रांग, पाण्याने चिकट झालेली फरशी, आणि तिकडे शेवटाला ही बसलेली. डोक्याला रुमाल, हातात कोयता, पुढे मांदेली आणि चिंबोऱ्या. मला बघून तिचा चेहरा उतरला. पण उठली नाही. "मॅडम, मला उठता येनार नाय," एवढंच म्हणाली, आणि गिऱ्हाइकाची मांदेली साफ करायला लागली.

मग बोलता बोलता कळलं. आई जेट्टीवर घसरली, पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. घरातून दोन माणसांनी उचलल्याशिवाय बाहेर येता येत नाही. एरवी पाटी ठेवून भागलं असतं, पण आता तिथे नवीन मार्केट होणार होतं. सर्वेवाले येणार, जी ओट्यावर बसलेली दिसेल तिचा नाहीतर तिच्या घरच्या माणसाचा फोटो काढणार, आणि त्या नावाने नवीन ओटा. कधी येणार ते कोणाला माहीत नाही. आज येतील, उद्या येतील. आले की थांबत नाहीत, पुढे गेले की गेले. "ते पाटीचा फोटो काढत नायत मॅडम. त्यांना मानूस लागतं. कॉलेजला फोन चालतो. मंग मी इथं बसले आनि फोन तिथं पाठवला." असं म्हणून ती हसली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हसतेस काय? शनिवारी सत्कार आहे. तू स्टेजवर दिसली नाहीस तर पाचव्या मिनिटाला सगळं बाहेर येईल आणि हॉल तिकीट गेलं समज. त्यापेक्षा आधीच जाऊन खरं सांग प्राचार्यांना. ती म्हणाली, "सांगितलं तं हॉल तिकीट भेटंल?" मला हो म्हणता येईना. "आनि शनिवारी मी तिकडं आले आनि सर्वेवाले इकडं आले तं? आईनं बारीक पोर असल्यापासून ही जागा धरलीय."

शेजारच्या ओट्यावरची म्हातारी मावशी सगळं ऐकत होती. म्हणाली, "मास्तरीन बाय, तुजीच पोर हाय ती. तूच काय ते बघ." बघ म्हणजे काय बघ? रागाच्या भरात माणूस काय बोलून जातो ते मला बोलल्यावरच कळतं. मी म्हटलं, "शनिवारी मी बसते इथे. तू जा."

मावशी लगेच म्हणाली, "सर्वेवाला आलाच तं हिच्या आईला उचलून आनू, तवर तू जागा धर. आनि जुनी साडी नेसून ये गं. नायलनची."

शनिवारपर्यंत माझा जीव टांगणीला. मी काय करतेय याचं मला भान होतं. शनिवारी गैरहजर म्हणजे माझी ज्योत विझणार, चांदीतून थेट तळाला, आणि तोंडावर करार. शिवाय सत्कार आहे आणि वर्गशिक्षिका नाही, म्हणजे चौकशी होणार. दोनदा फोन हातात घेतला की तिला सांगावं, नाही जमत बाई. दोन्हीदा ठेवून दिला. अकाउंटच्या सरांनी विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना? चेहरा कसा झालाय." मी म्हटलं, चांदीत आल्यापासून असाच आहे.

शनिवारी सकाळी गेले. पोरगी केस विंचरून, इस्त्रीचा ड्रेस घालून तयार होती. उशीर झाला होता. मी स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली. माझी पर्स डिकीतच राहिली होती. ती ओल्या फरशीवर कशाला आणायची, म्हणून तिथेच राहू दिली. पोरगी निघाली आणि मी ओट्यावर चढून बसले. बसल्यावर कळलं की ओटा गार असतो आणि कंबर लगेच दुखायला लागते.

गिऱ्हाईक आलं, "बोंबील कसे दिले?" मला ठाऊक नव्हतं. मावशीने तिकडूनच भाव सांगितला. दुसरी आली, म्हणाली, साफ करून द्या. मी कोयता हातात घेतला तर बाजूच्या दोघीतिघी हसून लोळायच्या बाकी. "बाय, तू शिकवनी घे, मासळी आमी कापतो." एकीने माझ्याकडची मासळी नेली, कापून परत आणून दिली, पैसे माझ्या मांडीवर टाकले. कोणी विचारलं नाही की मी कोण, कुठली, कोणत्या जातीची, इथे का बसलेय. जागा सांभाळायला बसलेय एवढं त्यांना पुरेसं होतं. मी मात्र सारखी दोन्हीकडे बघत होते, कॉलेजच्या दिशेला आणि बाजाराच्या दाराकडे.

आणि ते आलेच. एक तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामाघूम. रांगेच्या त्या टोकापासून भराभरा निघाला. नाव, फोटो, पुढे. नाव, फोटो, पुढे. मावशीने पदराआडून फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "आना तिला." मग माझ्याकडे बघून हळूच, "धरून ठेव त्याला."

तो माझ्यासमोर आला. "मावशी, नाव?"

मी म्हटलं, ही जागा माझी नाही. ज्यांची आहे त्या येतायत. तो म्हणाला, मग रिकामी लिहितो. मी म्हटलं, रिकामी कशी लिहाल? मी बसलेली दिसत नाही का? "मग तुमचं लिहू?" नको, माझं पण नको. तो वैतागला, पुढच्या ओट्याकडे वळायला लागला. मी आवाज चढवला. तो आवाज मी कॉलेजात राखून ठेवते. "एक मिनिट. आधी मला सांगा, घरचं माणूस म्हणजे कोण कोण धरता तुम्ही?" मुलगा थांबला. असा आवाज आला की थांबायची सवय असते पोरांना. मग मी विचारत गेले. सासू चालते का? वेगळी राहणारी सून? नवरा बसला तर ओटा कोणाच्या नावे? तो उत्तरं देत गेला, अडखळला, टॅबमध्ये शोधायला लागला. घंटा होईपर्यंत वर्ग बसवून ठेवायचा हेच तर आयुष्यभर केलंय मी.

शेवटी तो रडकुंडीला आला. "मॅडम, जाऊ द्या ना. तासाला किती ओटे केले ते यात पडतं. थांबलो की माझा स्कोअर खाली येतो. बघा, लाल झालाय." त्याने टॅब माझ्यासमोर धरला. कोपऱ्यात खरंच एक लाल पट्टी होती. मला त्या पोराची इतकी कीव आली की क्षणभर वाटलं सोडून द्यावं बिचाऱ्याला. तोच चेहरा मी रोज सकाळी टीव्हीच्या काचेत बघते.

एवढ्यात गलका झाला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन माणसं हिच्या आईला उचलून आणत होती, प्लास्टरचा पाय पुढे, मागे सगळा कोळीवाडा. मी खाली उतरले. तिला ओट्यावर बसवलं. ती धापा टाकत होती, पण बसल्यावर आधी हात पुढे करून चिंबोऱ्या नीट लावल्या. मुलाने फोटो काढला, नाव लिहिलं. मग नियमाप्रमाणे असेल, नाहीतर राग काढायला असेल, माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ह्या कोण?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आमची पहिलीच भेट होती ती.

"ही माजी पाटी," ती म्हणाली.

बायका हसल्या. मुलगाही हसला आणि पुढे गेला. मी हसले नाही. मला भर बाजारात रडायला आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दुपारी पोरगी स्कूटर घेऊन आली. हात रिकामे. ट्रॉफी नाही, हार नाही. मी विचारलं, काय झालं? "मला माइक दिला. दोन शब्द बोला म्हनाले." मग? "मी बोल्ले, हा नंबर माज्या फोनचा हाय, माजा नाय. मी बाजारात होते." मी कपाळावर हात मारला. कोणी सांगितलं होतं तुला बोलायला? "तुमीच ना मॅडम. खरं सांग बोल्लात." मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. आईचा ओटा वाचल्याचं तिला सांगितलं. ती जाऊन ओट्याला हात लावून आली. मग म्हणाली, "सोमवारी बोलावलंय. हॉल तिकिटाचं बघू म्हनाले."

स्कूटरच्या डिकीतून मी पर्स काढली. फोनवर अकाउंटच्या सरांचे कॉल होते, आणि त्यांच्या वर अ‍ॅपचा संदेश. 'अभिनंदन! आजही तुम्ही वेळेवर आलात.' ज्योत मोठी झाली होती. मी सारसोळ्याच्या ओट्यावर होते आणि माझा फोन डिकीत बसून कॉलेजात हजर होता. आधी मला हसू आलं. मग आपण किती दिवस कशामागे जीव टाकत होतो हे आठवून शरमल्यासारखं झालं, आणि मग डोकं चालायला लागलं.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये संस्थाचालकांचा मुलगा होता, ती होती, मी होते. प्राचार्य सरांनाही ते बोलणं जड जात होतं. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, हॉल तिकीट देता येणार नाही. मुलगा हळहळत म्हणाला, "तू सिस्टिमला फसवलंस." ती खाली बघत उभी. तिला इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती, आणि ते मला सहन होईना.

मी माझा फोन टेबलावर ठेवला. "सर, शनिवारी मी कुठे होते?"

त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं. "इथेच. सकाळपासून दुपारपर्यंत."

"मी हिच्या आईच्या ओट्यावर बसले होते. इथे माझी स्कूटर आली होती."

मी थांबले नाही, थांबले असते तर घाबरले असते. म्हटलं, हिची हजेरी खोटी असेल तर आधी माझा शनिवार खोडा. आणि माझा खोडणार असाल तर त्या भिंतीवरचं एकेक नाव तपासा, कोण आलं होतं आणि कोणाचा फोन आला होता. शिक्षकांचंही तपासा. अकाउंटच्या सरांचं, माझं, सगळ्यांचं. प्राचार्य सरांनी स्वतःचा फोन टेबलावर उलटा करून ठेवला. का ते त्यांनाच माहीत.

मुलाने विचारलं, खरोखर न कळून विचारलं, "पण मॅडम, तुम्ही तिथे कोण म्हणून बसला होतात?"

"पाटी म्हणून," मी म्हटलं. मग त्याला पाटीचं, मैत्रिणीकडच्या दोन फोनांचं सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे हिच्या मैत्रिणीने स्वतःचे पॉइंट सोडले?" तेच मी सांगत होते.

प्राचार्यांनी कपाटातून जुना कागदी हजेरीपट काढला. मग म्हणाले, अ‍ॅपवर आता भरवसा ठेवता येणार नाही हे खरं. जितके तास बुडाले तितके भरून काढा, कागदी हजेरीपटावर सही, शिक्षकासमोर. एकही चुकला तर हॉल तिकीट नाही. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा शनिवार मात्र मला खोडावा लागेल."

"खोडा," मी म्हटलं.

सर्वे झाल्यामुळे आता ओट्यावर पाटी चालत होती. परीक्षेपर्यंत रोज दुपारी, कॉलेज सुटल्यावर, मी तिचे तास घेतले. इतर सरांनीही घेतले, अकाउंटच्या सरांनी कुरकुरत, पण घेतले. तिची मैत्रीणही येऊन बसायची, आणि हळूहळू आणखी पाच-सात जण. कोड नाही, पॉइंट नाही, ज्योत नाही. ही पुन्हा भांडायला लागली आणि मी पुन्हा ओरडायला. मी त्या दिवसांत टीव्हीवर शेवटच्या नंबरवर होते. माझी स्कूटर उन्हात तापायची. जूनच्या कराराचं काय होणार हे मला कळत नव्हतं, आज हे लिहिताना अजूनही कळलेलं नाही, आणि शांत झोप लागते असं मी म्हणणार नाही.

हॉल तिकीट मिळालं. परीक्षेच्या दिवशी तिच्या ब्लॉकवर पर्यवेक्षक म्हणून मीच होते. दाराबाहेर प्लास्टिकचा टब ठेवला होता, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे आणि आत जायचं. ती आली, हॉल तिकीट दाखवलं. तिने फोन टबात न टाकता माझ्या हातात दिला. "मॅडम, ठेवा," म्हणाली आणि आत जाऊन तिच्या नंबरच्या बाकावर बसली.

घंटा व्हायला थोडा वेळ होता. तेवढ्यात माझ्या हातात तो फोन थरथरला. अ‍ॅपचा संदेश होता. 'आज तू वर्गात दिसली नाहीस. तुझी ज्योत विझत आहे.'

मी दारातून आत बघितलं. ती पेनाचं टोपण काढून बसली होती. मी फोन बंद करून टबात ठेवला आणि पेपर वाटायला आत गेले.